हिरवी वीज घ्यायची, तर आधी मीटर बघा

गौलीगुड्यातलं जुनं घर म्हटलं की बहुधा शंभर-सव्वाशे गजांचं. १२० गज धरा, म्हणजे १,०८० चौरस फूट. गच्चीत जिन्याची खोली, पाण्याच्या दोन टाक्या, कपडे वाळत घालायच्या तारा, आणि दक्षिणेला शेजाऱ्याने नुकतेच चढवलेले दोन मजले. हे सगळं वजा जाता सौर पॅनेलला चारशे-पाचशे फूट मिळाले तर पुष्कळ झाले. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट लागतात आणि हैदराबादच्या उन्हात तो वर्षाला सुमारे १,४०० युनिट देतो. म्हणजे गच्ची पुरती भरली तरी ५ किलोवॉट, वर्षाचे ७,००० युनिट. एका कुटुंबाचं त्यात भागेल. पण खाली दुकान, मागे गोदाम आणि मधल्या मजल्यावर दोन भाडेकरू असतील, तर मार्चमध्ये एसी सुरू झाले की ही वीज पुरत नाही.

कोठी, सुलतान बाजार, बेगम बाजार, अफजलगंज, कुठेही जा, हिशोब फारसा बदलत नाही. दाट वस्तीच्या शहराला आपली सगळी वीज आपल्याच छपरावर तयार करता येत नाही. जमीन जिथे आहे तिथे प्रकल्प उभे राहणार आणि शहराने तिथून वीज विकत घ्यायची, एवढाच मार्ग उरतो. म्हणून या लेखात छपराबद्दल कमी आणि खरेदीबद्दल जास्त सांगायचं आहे. शाळेच्या कार्यकारिणीवर, देवळाच्या ट्रस्टवर, व्यापारी संघात किंवा अपार्टमेंटच्या समितीवर तुम्ही असाल तर हे तुमच्यासाठी आहे. महापालिकेत किंवा जलमंडळात तुमचं कोणी ऐकत असेल, तर जास्तच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या ग्राहकांच्या सह्या गोळा करून शहराचा हरित वीज खरेदी कार्यक्रम उभा राहत नाही. तो मोठ्या मीटरवर उभा राहतो. छोट्यांनी आपापल्या मीटरला जी वाट खुली आहे ती धरायची, आणि मोठ्यांनी त्यांची वाट धरावी म्हणून मागे लागायचं.

एक गैरसमजही आधीच काढून टाकू. हिरवी वीज विकत घेतली म्हणजे तुमच्या घरात वेगळी वीज येत नाही. तार तीच, ट्रान्सफॉर्मर तोच, आणि करंट गेला तर शेजाऱ्याबरोबर तुमचाही जाणार. तुम्ही जेवढे युनिट वापरता तेवढे कुठल्या तरी सौर किंवा पवन प्रकल्पाने ग्रिडमध्ये सोडले, आणि ते तुमच्याच नावावर लिहिले गेले, दुसऱ्या कोणाच्या नाही, याचे पैसे तुम्ही देता. म्हणजे हा सगळा मामला हिशोबाचा आहे, आणि हिशोब मीटरपासून सुरू होतो.

बिलाची चिठ्ठी नीट वाचा

महिन्याला मीटर रीडर हातातल्या यंत्रातून जी लांब चिठ्ठी काढून देतो, ती बहुतेक जण फक्त शेवटच्या आकड्यासाठी बघतात. खरेदीचा विचार करणाऱ्याने तिच्यावर चार गोष्टी शोधायच्या. पहिली, यूएससी क्रमांक. प्रत्येक जोडणीचा तो वेगळा असतो. दुसरी, कॅटेगरी. घर एकमध्ये, दुकान दोनमध्ये, देऊळ आणि धर्मादाय संस्था सातमध्ये. पथदिवे आणि पाणीपुरवठा सहामध्ये. तिसरी, मंजूर भार किती किलोवॉट आहे. चौथी, आरएमडी, म्हणजे महिन्यात एका वेळी जास्तीत जास्त किती भार खेचला गेला. मंजूर भार ३० आणि आरएमडी वर्षभर १२ असेल, तर हिरव्या विजेआधी मंजूर भार कमी करून घ्या. स्थिर आकार उगाच भरला जातो आहे. उलटं असेल तरी तेही आत्ताच निस्तरून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक अर्जावर हाच आकडा पाहिला जातो.

संस्थेची अशी बारा महिन्यांची बिलं एका वहीत उतरवून काढा. ज्यांच्याकडे उच्चदाबाची जोडणी आहे, त्यांच्या मीटरमध्ये दर पंधरा मिनिटांची नोंद असते. ती वितरण कंपनीकडे लेखी मागा. ही नोंद हातात नसताना कोणी विक्रेता ‘तुमचे अमुक टक्के वाचतील’ असं सांगत असेल, तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

आता या बिलांवरून माणसांची सवय दिसायला लागते. शाळा सकाळी आठ ते चार चालते आणि मे महिन्यात बंद. ट्रूप बाजारातलं विजेच्या सामानाचं दुकान अकराला उघडतं आणि त्याचे दिवे सूर्य मावळल्यावर खऱ्या अर्थाने पेटतात. इस्पितळ चोवीस तास. देवळात पहाटे आणि संध्याकाळी. सौर प्रकल्प मात्र साधारण नऊ ते चार याच वेळात भरभरून देतो. ज्याचा वापर याच वेळात जास्त, त्याला सौर वीज स्वस्तात बसते. ज्याचा वापर रात्री जास्त, त्याने सौरबरोबर पवन विजेचा वाटा असलेला करार मागायचा. आपल्याकडे पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात चालतात आणि एरवीही संध्याकाळी-रात्री बऱ्यापैकी देतात. एवढी साधी गोष्ट न बघता केलेले करार पुढे डोकेदुखी होतात.

शंभर किलोवॉटची चौकट

६ जून २०२२ रोजी केंद्राने हरित ऊर्जेच्या ओपन ॲक्सेसचे नियम काढले. त्याआधी बाहेरून थेट वीज घ्यायची तर साधारणपणे एक मेगावॉटचा ग्राहक लागे. या नियमांनी ती मर्यादा १०० किलोवॉटवर आणली. पुढच्या दुरुस्तीने असंही झालं, की वितरण कंपनीच्या एकाच विभागात अनेक जोडण्या मिळून १०० किलोवॉट भरत असतील तरी चालेल. अर्जावर पंधरा दिवसांत निर्णय व्हायला हवा, नाहीतर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. अर्जासाठी केंद्रीय पातळीवर ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाचं पोर्टल आहे. राज्यात भार प्रेषण केंद्र आणि आपली वितरण कंपनी टीजीएसपीडीसीएल.

इथे बरेच जण अडखळतात. शाळेचे ४०, देवळाचे १५, वाचनालयाचे १० आणि मंगल कार्यालयाचे ४५ अशी बेरीज करून ११० किलोवॉट झाले, आता अर्ज टाकू, असं चालेल असं धरू नका. ही बेरीज एकाच ग्राहकाच्या नावावरच्या जोडण्यांची आहे. एका शिक्षण संस्थेच्या चार इमारती एकाच विभागात असतील, तर त्यांची बेरीज होऊ शकते. १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या, एकाच भागात पसरलेल्या जुन्या संस्थांनी आपल्या जोडण्या कोणकोणत्या नावांवर आहेत हे एकदा तपासावं. जुन्या संस्थांत एक मीटर अजून दिवंगत कार्यवाहांच्या नावावर, एक देणगीदाराच्या नावावर, असं सर्रास असतं. नाव बदलून घेण्याचा अर्ज हा या कार्यक्रमातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत गरजेचा कागद.

आपण कोणत्या विभागात येतो, हे सेक्शन ऑफिसात विचारून लिहून घ्या. रस्त्याच्या अलीकडचा भाग एका विभागात आणि पलीकडचा दुसऱ्यात, असं जुन्या शहरात सहज असू शकतं.

कोणाला कोणती वाट

शंभर किलोवॉटच्या आत असणाऱ्यांना, म्हणजे गौलीगुड्यातल्या जवळजवळ सगळ्यांना, थेट खरेदीची वाट बंद आहे. परदेशातली उदाहरणं वाचून इथे उत्साह येतो, म्हणून सांगतो. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१६ मध्ये क्लीनपॉवरएसएफ नावाचा कार्यक्रम सुरू केला. शहर स्वतः वीज खरेदी करतं आणि नको म्हणून कळवलं नाही तर घरं आपोआप त्यात सामील होतात. तारा जुन्याच कंपनीच्या, वीज शहराने निवडलेली. कॅलिफोर्नियात २००२ सालीच यासाठी कायदा झाला होता. आपल्याकडे महापालिकेला असा अधिकार नाही. हैदराबादेत घरगुती ग्राहकाला वितरण कंपनीही बदलता येत नाही; मुंबईच्या उपनगरांत टाटा की अदानी असा पर्याय असतो, तेवढाही इथे नाही.

मग उरतात दोन वाटा. एक, छप्पर, कितीही अपुरं असलं तरी. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि एकूण जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. अपार्टमेंटच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, मोटार, जिन्याचे दिवे यांसाठी, किलोवॉटमागे १८,००० रुपये आहेत. १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट आता नाही. गौलीगुड्यातली खरी अडचण पैशांची नाहीच. घर चार भावांच्या नावावर आहे आणि गच्ची नेमकी कोणाची हे कुठेच लिहिलेलं नाही, ही ती अडचण. पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षांचं असतं. तेवढ्या काळात घर पाडून नवं बांधायचा विचार असेल तर हात आखडता घ्या.

दुसरी वाट हरित दराची. वितरण कंपनीकडेच सांगायचं, की माझ्या वापरापैकी अमुक टक्के वीज हरित द्या. केंद्राचे नियम ही मागणी करण्याचा हक्क देतात, मागणी किमान एक वर्षासाठी असते आणि वर्षाच्या शेवटी तसं प्रमाणपत्र मिळतं. जादा दर किती, हे राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. महाराष्ट्रात आयोगाने मार्च २०२१ च्या आदेशात तो नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे ठेवला होता. त्याची सुरुवात टाटा पॉवरच्या याचिकेतून झाली, आणि मुंबईतल्या अनेक कार्यालयांनी तो घेतला. तेलंगणाच्या आयोगाच्या आदेशात हरित दर मुख्यतः उच्चदाब ग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवून आला. चालू वर्षाचा दर आदेश काढून त्यातलं ते पान वाचा. आदल्या वर्षीच्या आकड्यावर ठराव करू नका.

हरित दराचं काम सोपं आहे. अर्ज एक, करार नाही, मीटर बदलायचा नाही. पण त्यात पैसे वाचत नाहीत, जास्तच जातात. शिवाय एक बारीक गोष्ट आहे. तुम्ही अशी जी हिरवी वीज घेता, ती नियमांनुसार वितरण कंपनीच्या स्वतःच्या अक्षय ऊर्जेच्या बंधनात मोजली जाऊ शकते. हे बंधन २०२४-२५ साठी २९.९१ टक्के होतं आणि २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्क्यांवर न्यायचं आहे. म्हणजे कंपनीला जे करायचंच होतं, त्याचा काही भाग तुमच्या पैशाने झाला, असंही होऊ शकतं. म्हणून हरित दर घेऊ नये असं मी म्हणणार नाही. पण ‘आमच्यामुळे नवा प्रकल्प उभा राहिला’ असं वार्षिक अहवालात छापू नये. तो दावा करायचा असेल तर नव्या प्रकल्पाशी लांब मुदतीचा करार लागतो.

अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रं विकत घेण्याचाही मार्ग आहे. एक प्रमाणपत्र म्हणजे १,००० युनिट, आणि ती वीज बाजारात मिळतात. एखाद्या संमेलनाची किंवा उत्सवाची वीज हिरवी करायची तर ठीक. कायमचा कार्यक्रम म्हणून मला ते पटत नाही. बिल आहे तसंच राहतं आणि संस्थेची सवय काही बदलत नाही.

मोठे मीटर कोणाकडे आहेत

गौलीगुड्याच्या आसपास उभं राहून बघा. उस्मानिया इस्पितळ, कोठीचं वैद्यकीय महाविद्यालय, जुन्या रेसिडेन्सीतलं महिला विद्यापीठ, महात्मा गांधी बसस्थानक आणि त्याला लागून मेट्रोच्या दोन मार्गिकांचं जंक्शन. गौलीगुड्याचा जुना बसअड्डा निजामाच्या विमानाच्या हँगरखाली होता. स्थानक १९९४ मध्ये इमलीबनला गेलं आणि ते हँगर जुलै २०१८ मध्ये कोसळलं. बसस्थानकांची मोठी, सलग छपरं या भागात मोलाची आहेत. पण सगळ्यांत मोठा मीटर डोळ्यांना दिसत नाही. तो आहे पाण्याचा.

१९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर बांधलेले उस्मानसागर आणि हिमायतसागर शहरापेक्षा उंचावर आहेत. गंडीपेटचं, म्हणजे उस्मानसागरचं, पाणी उताराने यायचं. आता शहर कृष्णा आणि गोदावरीवर जगतं. कृष्णेचं पाणी नागार्जुनसागरच्या बाजूने तीन टप्प्यांत, प्रत्येकी रोज ९ कोटी गॅलन, तर गोदावरीचं येल्लमपल्लीहून. शंभराहून जास्त किलोमीटर आणि सगळा चढ. नळाला येणाऱ्या प्रत्येक बादलीमागे पंपाची वीज आहे आणि ते पंप रात्रंदिवस चालतात. शहराच्या हरित खरेदीचा पाया इथेच घालायला हवा.

हे इंदूरने करून दाखवलं आहे. होळकरांच्या या शहरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तेव्हा तिथल्या नातेवाइकांना विचारून खात्री करता येईल. इंदूरचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या नर्मदेतून, जलूदहून चढवलं जातं आणि त्याचं वीजबिल महापालिकेच्या मानगुटीवर बसलेलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले, जलूदजवळच ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. व्याज ८.२५ टक्के. सामान्य गुंतवणूकदारही ते घेऊ शकत होते, आणि मागणी जवळपास सहापट आली. महापालिकेला भीक घालायला कोणी तयार नसतं असं आपण म्हणतो. बिल खरं असेल आणि बचत कागदावर दाखवता आली, तर लोक पैसे देतात.

दिल्ली मेट्रोने दुसरी रीत वापरली. तिने स्वतः काही बांधलं नाही. मध्य प्रदेशातल्या रीवाच्या ७५० मेगावॉटच्या सौर उद्यानाची निविदा निघाली, तेव्हाच ती खरेदीदार म्हणून आत शिरली. फेब्रुवारी २०१७ च्या बोलीत पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला, त्या काळी अविश्वसनीय. एप्रिल २०१९ पासून ती वीज दिल्लीत यायला लागली. सुमारे चोवीस टक्के वाटा मेट्रोचा, बाकी मध्य प्रदेशचा. यातून शिकायचं ते हे, की मोठ्या निविदेत छोटा वाटा घेतला तरी मोठ्याचा दर मिळतो. जलमंडळ, मेट्रो, इस्पितळं, विद्यापीठं एकत्र आली आणि राज्याचं अक्षय ऊर्जा महामंडळ, टीजीरेडको, किंवा केंद्राची सौर ऊर्जा कंपनी सेकी त्यांच्यासाठी निविदा काढायला तयार झाली, तर हैदराबादला हे जमण्यासारखं आहे. राज्याच्या २०२५ च्या स्वच्छ आणि हरित ऊर्जा धोरणात २०३० पर्यंत २०,००० मेगावॉटची भर घालायचं म्हटलं आहे. विकणारे तयार होत आहेत. शहराने खरेदीदार म्हणून रांगेत उभं राहायला हवं.

जलमंडळाकडे एक गोष्ट अशी आहे जी इस्पितळाकडे नाही. पाणी साठवता येतं. ज्या टप्प्यावर पंपाची क्षमता आणि टाक्या शिल्लक असतील, तिथे दिवसा जास्त पंपिंग करून रात्री कमी करता येतं. वीज साठवायला बॅटरी लागते, पाण्याला टाकी पुरते. मात्र आधी दर तपासून घ्या. पाणीपुरवठ्याला वीज सवलतीच्या दराने मिळत असेल, तर बाहेरची वीज त्याहून स्वस्त पडेलच असं नाही. मग तोच प्रकल्प महापालिकेच्या कार्यालयांसाठी आणि पथदिव्यांसाठी तपासायचा. पथदिवे रात्री जळतात, म्हणजे पुन्हा पवन विजेकडे.

एकत्र खरेदीचं सगळ्यांत सुबक उदाहरण मेलबर्नचं आहे. तिथल्या महापालिकेने इतर नगरपालिका, विद्यापीठं, एक मोठी बँक, टपाल खातं, अगदी प्राणिसंग्रहालयसुद्धा, असे चौदा खरेदीदार एकत्र आणले. वर्षाला ८८० लाख युनिट घ्यायची दहा वर्षांची हमी दिली, आणि त्या हमीवर क्राउलंड्सचा ८० मेगावॉटचा पवन प्रकल्प उभा राहिला. करार २०१७ चा, १ जानेवारी २०१९ पासून महापालिकेची सगळी वीज हिरवी. सगळ्यांनी एकच मसुदा वापरला, वकील एकच, सल्लागार एकच. खर्च वाटून घेतला. पुढे दुसरा गटही निघाला.

दर जुळवताना

विक्रेता सांगतो तो दर प्रकल्पाच्या दारातला असतो. तुमच्या मीटरपर्यंत येईपर्यंत त्यात पारेषण आकार, वहन आकार, तारांतली गळती, क्रॉस सबसिडी अधिभार, काही वेळा अतिरिक्त अधिभार, बँकिंगचा आकार असं बरंच चढतं. परराज्यातल्या प्रकल्पाचा आंतरराज्य पारेषण आकार पूर्वी माफ होता. ३० जून २०२५ नंतर सुरू झालेल्या प्रकल्पांसाठी ही माफी टप्प्याटप्प्याने कमी होते आहे. म्हणून प्रकल्प कधी सुरू झाला किंवा होणार, ही तारीख विचारा.

दुसऱ्या बाजूला काय वाचतं, तेही नीट धरा. पूर्ण बिल वाचत नाही. मागणी आकार तुम्हाला वितरण कंपनीला द्यावाच लागतो, कारण रात्री आणि ढगाळ दिवशी वीज तीच देणार आहे. वाचतो तो फक्त ऊर्जा आकार. बाहेरच्या विजेची मीटरपर्यंत पोचतानाची एकूण किंमत या ऊर्जा आकाराशी ताडून बघायची, बिलाला युनिटने भागून आलेल्या सरासरीशी नाही. बहुतेक विक्रेत्यांची सादरीकरणं नेमकी इथे लबाडी करतात.

बँकिंग म्हणजे दुपारी न वापरलेली वीज ग्रिडमध्ये जमा ठेवून नंतर वापरणं. केंद्राच्या नियमांनुसार ही सोय महिन्यापुरती आणि महिन्याच्या एकूण वापराच्या किमान तीस टक्क्यांपर्यंत मिळायला हवी. महिना संपला की उरलेली वीज बुडते. तिच्या बदल्यात प्रमाणपत्रं मिळतात ती प्रकल्पवाल्याला. आता शाळेचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. प्रकल्प जोरात चालतोय, वर्ग बंद, पंखे बंद. त्या महिन्यातली बरीचशी वीज वाया जाते आणि पैसे मात्र भरायचे. म्हणून शाळेने वार्षिक वापराएवढा करार कधीही करू नये. मेमधला आणि दिवाळीतला दिवसाचा वापर बघून त्याच्या आसपास थांबावं. १ मेगावॉटचा सौर प्रकल्प तेलंगणात वर्षाला साधारण १५ ते १६ लाख युनिट देतो, त्यावरून आपल्याला किती वाटा हवा ते काढता येईल.

अधिभारातून सुटायची एक वाट कॅप्टिव्हची. ग्राहकांनी मिळून प्रकल्पात किमान २६ टक्के भांडवल घालायचं आणि वर्षाची किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरायची. मग क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही, आणि डिसेंबर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अतिरिक्त अधिभारही नाही. कॅप्टिव्हला १०० किलोवॉटची अटही नाही. खाजगी इस्पितळं, हॉटेलं, आयटी कंपन्या या वाटेने जातात, आणि त्यांच्यासाठी ती बरोबर आहे.

पण धर्मादाय न्यासांनी इथे थांबून आपल्या सनदी लेखापालाला गाठावं. आयकर कायद्याने न्यासांचा पैसा कुठे गुंतवायचा याचे ठरावीक मार्ग दिले आहेत आणि खाजगी कंपनीचे शेअर त्यात बसत नाहीत. दोन लाखांचे शेअर घेऊन विजेत बचत करायची आणि संस्थेची करसवलत घालवायची, असं नको. देवस्थान देवादाय खात्याकडे नोंदलेलं असेल, तर लांब मुदतीच्या कराराला खात्याची परवानगी लागेल की काय, हेही आधी विचारा. अशा संस्थांना हरित दर आणि छप्पर याच वाटा बऱ्या. छपरासाठी स्वतःचे पैसे घालायचे नसतील, तर उभारणी कंपनीची आणि आपण फक्त युनिटचे पैसे द्यायचे, असा करारही मिळतो.

करारावर सही करण्याआधी

वाटाघाटीत सगळे दरावर भांडतात. दर महत्त्वाचा आहेच, पण मी आधी तीन कलमं बघेन. नियम बदलले, अधिभार वाढला, तर तो भुर्दंड कोणाचा? गुळगुळीत भाषेत तो बहुधा ग्राहकावर ढकललेला असतो. निम्मा-निम्मा तरी करून घ्या. दुसरं, प्रकल्पाने ठरल्यापेक्षा कमी वीज दिली तर भरपाई काय आणि किती दिवसांत. तिसरं, हिरवेपणाचा हक्क कोणाकडे. प्रकल्पवाल्याने त्याच युनिटांवर वेगळी प्रमाणपत्रं काढून दुसऱ्याला विकली, तर तुमच्या हातात फक्त स्वस्त वीज उरते, हिरवी नाही. ‘या युनिटांवर अन्य कोणताही दावा केला जाणार नाही’ हे वाक्य मसुद्यात शोधा, नसेल तर घालायला लावा.

मुदत पंचवीस वर्षांची मागतील. भाड्याच्या जागेतल्या संस्थेने, किंवा जिचा पट पाच वर्षांत निम्म्यावर येऊ शकतो अशा शाळेने, तेवढी देऊ नये. दहा-बारा वर्षांत बाहेर पडायची सोय आणि तेव्हाची भरपाई आत्ताच आकड्यात लिहून घ्या.

ठराव सर्वसाधारण सभेत करा, कार्यकारिणीत उरकू नका. ठरावात दोनच माणसांची नावं घाला, एक तांत्रिक बाजू पाहणारा आणि एक हिशोब पाहणारा, आणि दर महिन्याला बिलं जुळवायचं काम त्यांच्याकडे द्या. ओपन ॲक्सेस सुरू झाल्यावर पहिले तीन-चार महिने बिलात गोंधळ होतोच: बाहेरून आलेले युनिट वजा झालेले नसतात, किंवा बँकिंगचे आकडे जुळत नाहीत. तक्रार आधी विभागाच्या लेखा कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर वितरण कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं. फोनवर बोलून झालेल्या तक्रारीला तिथे किंमत नसते.

वर्षाअखेरीला हिशोब लिहिताना प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वाचला असं धरता येतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडचा हा आकडा दरवर्षी जाहीर करतं. आयोगाचा नवा दर आदेश सहसा आर्थिक वर्षाच्या तोंडावर येतो. तो आला की ऊर्जा आकार, अधिभार आणि हरित दराचे तीन आकडे वहीत बदलून गणित पुन्हा मांडा, आणि पुढच्या वर्षीची हरित दराची मागणी त्यानंतरच भरा.